मागच्या दारावरचा चरा : चौथा रविवार

आज शेवटी घासायचा पेपर हातात घेतला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी रुपेरी, मागच्या डाव्या दारावर वीतभर चरा, पार्किंगमध्ये सायकलच्या हँडलने पडलेला. आडवं नख फिरवलं की अडकायचं, म्हणजे क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) फाटून रंगापर्यंत गेलेला. नख अडकलं नसतं तर नुसत्या कंपाउंडवर (घासून चकाकी आणणारी पेस्ट) भागलं असतं. मधे तांदळाएवढ्या जागेत करडा प्रायमर (रंगाखालचा थर) दिसत होता. पत्रा उघडा नव्हता, त्यामुळे गंजाची भीती नव्हती.

दोन आठवड्यांपूर्वी रंग भरला. बाटलीतला ब्रश चऱ्याच्या तिप्पट जाड, म्हणून टूथपिकच्या टोकाने भरला. पहिला हात काळपट आला, कारण रुपेरी कण बाटलीच्या तळाशी बसले होते आणि मी नीट हलवली नव्हती. ओला असतानाच पुसून काढला, बाटली चांगली पाच मिनिटं हलवली आणि मग अर्ध्या-अर्ध्या तासाने चार पातळ हात दिले. वर क्लिअरचे दोन. भरलेली रेघ आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वर राहायला हवी, नाहीतर घासायला काही उरतच नाही.

मग वाट पाहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. वरून सुकलेला रंग आत मऊ असतो. घाईने घासला तर तो चऱ्यातून उपटून येतो.

आज सकाळी पत्रा गार असताना सुरुवात केली. दाराच्या कडेला मास्किंग टेप लावली, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ. खोडरबरला 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) गुंडाळला, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. रेघेवरच हलके हात, दर आठ-दहा फेऱ्यांनी पुसून बघायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं तोवर ठीक, त्यात रुपेरी छटा दिसली की तिथंच थांबायचं. कंपनीचा क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकदा केसाहून पातळ. तो एकदा गेला की पॉलिशने परत येत नाही.

नंतर त्याहून बारीक 3000, मग कंपाउंड आणि मायक्रोफायबरचं कापड. नख आता कुठेच अडकत नाही. समोरून रेघ दिसत नाही. तिरकं पाहिलं तर प्रायमरच्या जागी एक गडद ठिपका आहे, रुपेरी कण तिथे वेगळ्या दिशेने बसलेत. तो तसाच ठेवणार आहे. पुढच्या रविवारी बंपर.