‘ऑपरेशन केलंत, मग आता दिसतं का त्याला?’

माप देताना बाईला हलता येत नाही. हात थोडे वर, श्वास सोडलेला, नजर तेवढी मोकळी. ती फिरत फिरत माझ्या मशिनच्या पायडलशेजारी पडलेल्या कुत्र्यावर येते आणि तिथंच थबकते. ‘अगंबाई, याचे डोळे?’ मी म्हणते, ऑपरेशन झालंय. ‘हो का? मग आता दिसतं का त्याला?’

नाही, दिसत नाही. ऑपरेशन डोळे काढायचंच होतं.

एवढं ऐकलं की बाई मागं सरकते आणि माझी टेप निसटते. छातीचं माप परत घ्यावं लागतं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सगळंच सांगून टाकते. माप घेता घेता सांगितलं की अर्धंच सांगून होतं आणि मग तुम्ही मला कसाई समजून घरी जाता.

त्याचं नाव बॉबिन. 2022च्या जुलैत, आमच्या वाईत पावसानं उच्छाद मांडला होता तेव्हा, दुकानामागच्या बोळात कुत्री व्यायली होती. चार पिल्लं. दोन कुठं गेली कळलं नाही, एक वडापावच्या गाड्यावाल्यानं नेलं, आणि हे उरलं. दीड-दोन महिन्यांचं असेल. डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे, दुधात नीळ पडावी तसे. ‘फूल पडलंय,’ शेजारच्या काकांनी निदान केलं आणि उपायही सांगितला: तंबाखू चघळून डोळ्यात थुंकायची, त्यांच्या बैलाला गुण आला होता. मी हसले. मग त्याहून शहाणपणाचं काहीतरी करायचं म्हणून जे केलं ते आता हसण्यासारखं राहिलेलं नाही.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच उन्हाळ्यात झालं होतं. त्यांचे थेंब फ्रीजच्या दारात उरले होते, बाटली निम्म्याहून जास्त भरलेली. डोळ्याचंच औषध, चांगल्या डॉक्टरांनी दिलेलं, महागातलं. मी ते बॉबिनच्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ घालायला लागले. बारा-तेरा दिवस घातले. लाली उतरली, म्हणून खूशही झाले.

पिल्लू स्वभावानं गरीब आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. भुंकणं नाही, चावणं नाही. चिंध्यांच्या गाठोड्यात डोकं खुपसून दिवसभर पडून राहायचं. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की मान खाली घालायचं. मी म्हणायचे, लाजतंय.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि सरळ सांगितलं, ‘ताई, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. माझा दिवस गाई-म्हशींत जातो. पुण्याला डोळ्यांचं बघणाऱ्या डॉक्टर आहेत, तिकडं न्या.’ ‘माझ्याकडं नाही’ असं सांगणारा माणूस भेटला हे आमचं नशीबच. नाहीतर आणखी एक बाटली हातात पडली असती.

ह्यांच्या ओम्नीतून निघालो. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. बोगद्यात शिरताना गाड्यांचा आवाज एकदम बदलतो, तेव्हा बॉबिननं पहिल्यांदाच कान टवकारले. बाकी सगळा रस्ता माझ्या मांडीत डोकं दाबून.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी आधी एक केशरी कागदी पट्टी भिजवून डोळ्याला टेकवली आणि निळा उजेड पाडला. डोळ्यावर हिरवी जखम चमकली. मग डोळा बधिर करणारा थेंब घालून पेनासारख्या यंत्रानं दाब मोजला. डावा 48, उजवा 41. कुत्र्याच्या डोळ्याचा दाब साधारण 10 ते 25 असतो, म्हणाल्या. हा काचबिंदू. पिल्लांचे डोळे जन्मल्यानंतर दहा-चौदा दिवसांनी उघडतात. पापण्या मिटलेल्या असतानाच आत पू झाला तर त्याला बाहेर यायला वाट नसते, मग बुबुळावरचा पडदा सडतो, फाटतो, आतलं सगळं एकमेकांना चिकटतं, पाण्याचा निचरा बंद होतो आणि डोळा फुगत जातो. याच्या बाबतीत बहुतेक असंच झालं असावं. दृष्टी कधीच गेली होती. राहिला होता तो ठणका. ‘माणसाला असं झालं तर डोकं धरून उलट्या करत बसेल,’ त्या म्हणाल्या. ‘हा नुसता झोपतो.’

मग मी पर्समधून ती बाटली काढली. किती काळजी घेतली ते दाखवायला. त्यांनी लेबल वाचलं, झाकण लावलं आणि बाटली टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. त्यात स्टेरॉइड होतं. मोतीबिंदूनंतर सूज उतरायला ते देतातच. पण डोळ्यावर उघडी जखम असताना घातलं तर जखम भरत नाही, खोल जाते. लाली उतरली ती त्यामुळंच, आणि आत खड्डा वाढत होता.

‘माझ्यामुळं गेले का डोळे?’ मी विचारलं. ‘डोळे आधीच गेले होते. खड्डा वाढला असेल.’ त्या बाई धीर द्यायला खोटं बोलणाऱ्या वाटल्या नाहीत. तरी हे वाक्य मी आजवर अनेकदा उसवून बघितलंय.

थेंबांनी दाब थोडा खाली ठेवता आला असता, पण जन्मभर, दिवसातून दोन-तीनदा, तेही दिसणार नाहीच हे ठरलेलं असताना. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही डोळे काढायचे. दोन्हींचे मिळून 18,000 रुपये. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई मी तेव्हा 300 घेत होते. म्हणजे 60 ब्लाउज. आमच्यात हिशेब असाच होतो.

पैशांवरून घरात फार बोलणं झालं नाही. झालं ते चेहऱ्यावरून. हे म्हणाले, ‘डोळेच नसलेलं तोंड रोज बघायचं कसं?’ खरं सांगायचं तर माझ्याही पोटात तेच होतं. खोबणीत सिलिकॉनचा गोळा बसवतात म्हणजे खड्डा दिसत नाही, असं ऐकून मी तेही विचारून आले होते. पू झालेल्या जागी तसलं काही ठेवू नये, असं उत्तर मिळालं. निकाल सासूबाईंनी लावला. शेंगा फोडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘किडलेला दात काढतातच की. तोंड वाईट दिसेल म्हणून ठेवतं का कोणी?’

गौरी-गणपतीच्या तोंडावर, शिलाईचा ढीग लागलेला असताना, ऑपरेशन ठरलं. रक्त तपासून घेतलं, कारण बाहेरच्या पिल्लांना गोचिडताप असू शकतो आणि मग भूल झेपत नाही. रात्रभर उपाशी ठेवायचं नाही असंही बजावलं होतं, लहान पिल्लाची साखर उतरते. संमतीच्या कागदावर ‘दोन्ही डोळे काढण्यास’ असं लिहिलेलं होतं. रोज पंधरा पावत्यांवर सही करणारी मी, त्या दिवशी माझी सही मलाच ओळखू येईना.

संध्याकाळी त्याला बाहेर आणलं. तोंड भादरलेलं, सुजलेलं, डोळ्यांच्या जागी दोन आडव्या शिवणी. आमच्या ह्यांनी मान फिरवली. मी मात्र, आता कसं सांगू, टाके बघत बसले. धावदोरा नव्हता. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाची गाठ वेगळी. डॉक्टरबाईंना विचारलंही. एक टाका सुटला तरी बाकीचे धरून राहतात म्हणून असे घालतात, आणि पापण्यांची कड कापून टाकल्याशिवाय शिवत नाहीत, कारण न कापलेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत. कापडात आम्ही कड उसवू नये म्हणून धडपडतो, इथं कड काढली तरच जोड बसतो. अंतर सारखं होतं, कुठं चुणी नव्हती. त्या शिवणीनं मला धीर दिला.

पहिल्या रात्री तो विव्हळत राहिला. निम्मं भुलीमुळं असतं म्हणतात. ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही. दुसऱ्या रात्री दोन वाजता दिवा लावला तर नाकातून रक्ताचे थेंब. मी हादरले. दवाखान्यातल्या मदतनीस मुलाला उठवलं. तो झोपेतच म्हणाला, ‘काकू, अश्रूंची नळी नाकात उतरते ना. आतलं तिकडून येतं दोन-चार दिवस. कागदावर लिहून दिलंय.’ खरंच दिलं होतं. कागद पर्समध्ये चार घड्या घालून पडला होता. तुमच्यावर कधी ही वेळ आली तर तो कागद आधी वाचा. आणि घरातलं माणसांचं वेदनाशामक चुकूनही देऊ नका, साधी तापाची गोळीसुद्धा कुत्र्याला विष होऊ शकते. त्याचं औषध त्याचं वेगळं होतं, जेवणानंतर द्यायचं. पहिले तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून टाक्यांच्या बाजूनं धरायचा होता. हे काम सासूबाईंनी केलं, नामस्मरण करत. एका जपात दोन्ही बाजू व्हायच्या.

खरा छळ झाला तो गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या भोंग्याचा. टाके खाजवू नयेत म्हणून तो हवाच. पण आंधळं पिल्लू मिशांनी बघतं. भिंत, खुर्चीचा पाय, ताटलीची कड, सगळं आधी मिशांना लागतं आणि मग कळतं. भोंग्यात मिशाच कोंडल्या. भिंतीवर धाडकन आपटायचा, थांबायचा, मागं यायचा, परत आपटायचा. तिसऱ्या दिवशी मी स्पंज आणि मऊ सुती अस्तर घेऊन त्याच्या गळ्याच्या मापाचं जाडजूड कडं शिवलं. डॉक्टरबाईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, छान आहे, पण यातून पुढचा पाय तोंडाला पोचतो. समोर बसलेल्या असाल तेव्हाच घाला, रात्री भोंगाच. मग बारा दिवस तसंच चाललं. दिवसा माझी शिलाई, रात्री कंपनीचा माल.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसले ते. चौथ्या दिवशी दुपारी मी गौरींच्या ऑर्डरीतलं एक परकर-पोलकं शिवत होते. पायाशी खुडबुड झाली. बघते तर हा भरलेली बॉबिन, मशिनमधली दोऱ्याची फिरकी, तोंडात धरून उभा. लाल दोरा त्याच्यामागं दुकानभर. मी ‘ए!’ म्हटलं तर पळाला. पळाला! ज्याला मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं तो कपाटाला थडकला, वळला आणि भुंकला. आवाज इतका जाडा की आतून सासूबाई बाहेर आल्या, दुसरं कुत्रं शिरलं असं समजून. घरी आणल्यापासून आम्ही त्याचं भुंकणंच ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला नाव मिळालं. तोवर नुसतं ‘पिल्लू’ होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत त्याचा तो गरीब स्वभाव पार नाहीसा झाला. दोन चपला, एक मापाची टेप, ह्यांच्या चष्म्याचं घर. डोक्यावर हात ठेवला तर डोकं वर ढकलायला लागला, अजून खाजवा म्हणून. लाजत नव्हता तो कधीच. दुखत होतं. एवढ्या छोट्या जीवाचं डोकं दिवसरात्र ठणकत होतं आणि मी बायकांना कौतुकानं सांगत होते, किती शहाणं बाळ आहे, त्रास म्हणून नाही.

टाके काढले त्या दिवशी त्याला अर्धवट उतरलेली सूज होती, एका बाजूनं हिरवी-पिवळी. दोनेक महिन्यांत केस आले, खोबण्या आत गेल्या. आता झोपला की इतर कुत्र्यांसारखाच दिसतो. जागा असला की तेवढं लोकांना जड जातं.

शिकवायला फार लागलं नाही. ‘पायरी’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द, बस. उंबऱ्याच्या अलीकडं काथ्याचं पायपुसणं टाकलंय, पंजाला खरखरीत लागलं की थांबतो. पाण्याचं भांडं आणि कपाट जिथल्या तिथं. मोटरची घरघर हा त्याचा खांब. मशिन चालू असलं की दुकानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून सरळ माझ्या पायाशी येतो. फटाक्यांना मात्र घाबरतो. दिवाळीत चार रात्री न्हाणीघरात त्याच्याजवळ बसून काजं-बटणं करते.

लहान मुलांचं आणि मोठ्यांचं वेगळं असतं, हेही सांगायलाच हवं. परवा आईबरोबर आलेल्या पोरीनं विचारलं, ‘याचे डोळे कुठं गेले?’ मी म्हटलं, ‘फार दुखत होते, डॉक्टरांनी काढून टाकले.’ ती म्हणाली, ‘बरं केलं,’ आणि चिंध्यांचा चेंडू त्याच्या नाकासमोर हलवायला लागली. तिची आई मात्र ब्लाउज घेऊन जाईपर्यंत दाराकडं तोंड करून उभी होती. मला तिचा राग येत नाही. मी पण तशीच उभी होते, त्या दवाखान्यात, सही करताना.

ती स्टेरॉइडची बाटली डॉक्टरबाईंनी कचऱ्यात टाकली. सासूबाईंचे दुसऱ्या डोळ्याचे थेंब पुढच्या वर्षी आले. कोर्स संपला त्याच दिवशी उरलेले मी मोरीत ओतले. सासूबाई म्हणाल्या, अगं महागाचं होतं. पायाशी बॉबिन होता, मोरीच्या पाण्याचा वास घेत.

आता वीज गेली आहे आणि मशिन थांबलंय. तो डोकं वर करून माझी खुर्ची कुठं आहे ते हुंगतोय. ‘आहे रे इथंच,’ म्हटलं की परत खाली ठेवेल.