ग्रॅनाइट घोस्ट तळ्यावर शोधू नका

नागपुरात चतुर बघायला निघालेला माणूस आधी अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलाव गाठतो. बाकीचे बरेच चतुर तिथे भेटतातही, पण ग्रॅनाइट घोस्ट या चतुरासमोरची जागा यादीत कोरीच राहते. याला काठावरचं गवत नको, उघडी भिंत लागते. जुन्या वाड्याची विहीर, बांधकामावरचं सिमेंटचं टाकं, पाणी साचलेली दगडाची खाण, पावसाने काळवंडलेलं कंपाउंड अशा जागा बघा. नुकत्या रंगवलेल्या भिंतीपाशी वेळ घालवू नका.

शास्त्रीय नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रॅम्बूरने 1842 मध्ये याचं वर्णन केलं. लांबी चार-साडेचार सेंटिमीटर, अंगावर राखाडी-काळी नक्षी. पंख पसरून भिंतीला असा चिकटतो की हातभर अंतरावरूनही नजर घसरून जाते. म्हणून आख्खा चतुर शोधूच नका, पांढरे ठिपके शोधा. प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाजवळ, एक लांबट काळा डाग असतो आणि त्याची दोन्ही टोकं पांढरी. पक्की खूण हीच. ऊन भिंतीला घासून जात असेल तेव्हा पंखांची बारीक सावलीही पडते. समोरून ऊन आलं की ती मिटते आणि चतुरही गायब.

उडाला तर मागे धावू नका. बहुतेक वेळा त्याच नाहीतर शेजारच्या भिंतीवर टेकतो. फोटो काढताना कॅमेरा भिंतीला समांतर धरा. थोडा जरी तिरका झाला तरी एका बाजूचे पंख धूसर येतात आणि नेमका तो डाग जातो. मग फोटो बघणारे म्हणणार, ग्राउंड स्किमर असेल! तो लहान असतो, बहुधा जमिनीवर बसतो आणि त्याच्या डागाला पांढरी टोकं नसतात.

टाक्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर, अळीची रिकामी कात चिकटलेली सापडते. तेवढ्यावरून नोंद करू नका, कारण पॅन्टाला नावाचा दुसरा चतुरही अशाच टाक्यांत वाढतो. मादी पोटाचं टोक पाण्याला टेकवत अंडी घालताना दिसली तर मात्र प्रश्नच नाही. आणि हो, टाक्यात जळकं तेल ओतण्याआधी विचार करा, या अळ्या डासांच्या अळ्या खातात.

कोकणात गेलात तर तिथल्या फोटोवर डोळे झाकून जेमिनाटा लिहू नका. 2020 मध्ये तिथून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस ही वेगळी जात नोंदली गेली आहे.