एकवीस दिवसांतले वीस दिवस

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर गाठीबरोबर काढलेल्या लसिका ग्रंथींचा अहवाल आला. त्यांपैकी काही ग्रंथींमध्ये रोगाच्या पेशी सापडल्यामुळे आजार तिसऱ्या टप्प्यात असल्याचे आणि मला केमोथेरपी घ्यावी लागणार असल्याचे निश्चित झाले. ठरलेल्या उपचाराला डॉक्टर ‘केपॉक्स’ म्हणतात. पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लाटिन हे औषध सुमारे दोन तास शिरेतून द्यायचे, त्या दिवसापासून चौदा दिवस केपसायटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या, पुढचे सात दिवस विश्रांती घ्यायची आणि मग पुन्हा पहिला दिवस. अशा एकवीस दिवसांच्या आठ फेऱ्या, म्हणजेच आठ सायकल, म्हणजे जवळजवळ सहा महिने. रक्ततपासणी सोडली तर एका सायकलमध्ये रुग्णालयाचा संबंध एका दिवसापुरता येतो. उरलेले वीस दिवस उपचार घरात आणि कार्यालयात चालू असतो, आणि त्या वीस दिवसांची तयारी रुग्णाकडून कोणीही करून घेत नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही नाशिकला राहतो आणि माझी पहिली सायकल ऐन थंडीत सुरू झाली. ऑक्सॅलिप्लाटिनमुळे मज्जातंतू थंडीला इतके संवेदनशील होतात की गार वस्तूला नुसता हात लागला तरी बोटांत कळा येतात. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळला जाऊन श्वास अडकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात श्वासाचा मार्ग बंद झालेला नसतो, परंतु हे आधी कोणी सांगितलेले नसेल तर माणूस अतिशय घाबरतो. औषध घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस हा त्रास सर्वाधिक असतो आणि सायकल वाढत जातात तसतसा तो अधिक काळ रेंगाळतो. फ्रीजमधले दुधाचे पातेले, सकाळी दाराची लोखंडी कडी, रात्रभर ओट्यावर राहिलेली स्टीलची भांडी, नळाचे पाणी, अनवाणी पावलांना लागणारी फरशी, स्कूटरची मूठ अशा सगळ्या गोष्टी एकाएकी माझ्यासाठी वर्ज्य झाल्या. फ्रीजमधून वस्तू काढून देण्याचे काम मुलाने स्वतःहून घेतले. तो बारावीच्या क्लासला गेला की घरात मी आणि सासूबाईच असायचो, म्हणून फ्रीजच्या दाराला लोकरी हातमोज्यांचा एक जोड सुतळीने बांधून ठेवला. स्टीलच्या पेल्याची कड ओठांना सोसत नसे, त्यामुळे सासूबाईंनी कपाटातला चिनी मातीचा मग माझ्यासाठी बाहेर काढला. पुढे उन्हाळा आला तेव्हा घरातील सर्व मंडळी माठातले पाणी पीत आणि मी मात्र थर्मासमधले.

गारव्यापासून बचाव म्हणून गरम पाण्यात हात बुडवावेत, तर त्यालाही मनाई होती. केपसायटाबिनमुळे तळहात आणि तळपाय लाल होतात, कोरडे पडून त्यांची साल निघते, आणि उष्णता, दाब किंवा घर्षण यांनी हा त्रास आणखी वाढतो. एका औषधाला थंड चालत नाही आणि दुसऱ्याला गरम चालत नाही, त्यामुळे आंघोळीपासून भांडी विसळण्यापर्यंत फक्त कोमट पाणी वापरायचे. तिसऱ्या सायकलमध्ये पोळ्या लाटताना लाटण्याचा दाब जिथे पडतो तिथली तळव्याची कातडी सोलवटली. डॉक्टरांनी युरिया असलेले मलम दिले आणि लाटणे, पिळणे, घासणे ही कामे बंद करायला सांगितले. आमच्या घरात स्वयंपाक आणि ही तीन कामे वेगळी काढता येत नव्हती, त्यामुळे स्वयंपाक माझ्या हातून गेला. यजमानांनी तवा हाती घेतला. आपल्या मुलाने पोळ्या कराव्यात हे सासूबाईंना सुरुवातीला पाहवेना. गुडघे दुखत असतानाही त्या उठून ओट्यापाशी येऊन उभ्या राहत. शेवटी यजमान त्यांना म्हणाले, “आई, तू बसल्या बसल्या कणीक मळून दे, बाकीचं मी बघतो.” ही वाटणी दोघांनाही मानवली. मला वाटते, त्या घडीला सासूबाईंना विश्रांतीपेक्षा हाताला काम हवे होते. सुनेच्या आजारपणात आपण निरुपयोगी आहोत ही भावना त्यांना अधिक पोखरत होती.

आमच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे रतीब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिली जाते. त्यावरच आता गोळ्यांचे चौदा दिवस आणि रक्ततपासणीचा दिवस यांच्या खुणा होऊ लागल्या. सायकलच्या आधी रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजतात; प्लेटलेट साधारण पंचाहत्तर हजारांच्या खाली असल्या तर सायकल आठवडाभर पुढे ढकलली जाते. असे झाले की केवळ माझीच तारीख बदलत नसे. यजमानांनी मागितलेली सुट्टी, मुलाच्या सराव परीक्षेच्या दिवशी त्याला सोडायला कोण जाणार, नणंदेकडील साखरपुड्याला आमच्यापैकी कोणी उपस्थित राहायचे, हे सर्व नव्याने ठरवावे लागे. सायकल पुढे गेल्याचे दुःख मला बऱ्याचदा औषधाच्या त्रासापेक्षा जास्त होई, कारण इतक्या माणसांनी माझ्यासाठी बसवलेली घडी त्यामुळे विस्कटत असे. पांढऱ्या पेशी कमी असतात त्या दिवसांत गर्दी टाळायची आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयाला फोन करायचा, हा नियम आम्ही फ्रीजवर मोठ्या अक्षरांत चिकटवला होता. या औषधांमुळे होणाऱ्या जुलाबांचेही तसेच. घरगुती उपाय करत दोन दिवस वाट पाहण्याची आपली सवय या औषधांच्या बाबतीत धोक्याची आहे. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वारंवार सांगत असे, कारण प्रत्येकाजवळ एखादा काढा किंवा रस असायचाच.

आता कार्यालयाविषयी. मी एका निमसरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत काम करते. आमच्याकडे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत आणि त्यांमध्ये कर्करोगासाठी स्वतंत्र रजेची तरतूद आहे, ही माहिती मला शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नियमांचे पुस्तक समोर ठेवून दिली. खासगी कारखान्यांत काम करणाऱ्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारांनाही, आवश्यक तितकी नोकरी झालेली असेल तर, कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ऐंशी टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित आजारपण लाभ मिळू शकतो. प्रत्येकाने आपापल्या आस्थापना शाखेत पहिल्याच आठवड्यात ही चौकशी करावी, कारण नंतर अर्ज लिहिण्याचेही त्राण राहत नाही. परंतु रजेचे नियम साधारणपणे सलग आजारपण डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, असे मला जाणवले. सायकलने येणारा उपचार तसा नसतो. पहिल्या आठवड्यात मला अंथरुणातून उठवत नसे, दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस काम जमे आणि तिसऱ्या आठवड्यात मी जवळजवळ पूर्वीसारखी असे. मला सहा महिने घरी बसायचे नव्हते. महिन्यातले जे बरे दिवस हाती येत होते ते मला माझ्या टेबलावर घालवायचे होते. त्यासाठी अर्जित रजा, परिवर्तित रजा आणि अर्धवेतनी रजा यांचे तुकडे जुळवत प्रत्येक सायकलला नवे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागले.

कामावर गेल्यावर ज्या गोष्टी लागल्या त्या अगदी साध्या होत्या. वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर आणि स्वच्छतागृहापासून जवळ अशी जागा मला हवी होती. जुलाबांचा त्रास असलेल्या माणसासाठी ही दुसरी गोष्ट किती महत्त्वाची असते, हे शाखाप्रमुखांना सांगताना संकोच वाटला. पण मी सांगितले आणि त्यांनी त्याच दुपारी टेबल हलवून दिले. बोटांना बधिरपणा आल्यावर प्रमाणकांची (व्हाउचरची) पाने एकदम दोन-दोन उलटू लागली. तेव्हा शेजारच्या टेबलावरील सहकारी माझी बेरीज न सांगता पडताळून देत असे.

अडचण आली ती हजेरीच्या यंत्राशी. चौथ्या सायकलनंतर ते माझा अंगठा ओळखेना. केपसायटाबिनमुळे बोटांच्या टोकांवरील कातडी सोलून ठसे पुसट होतात किंवा नाहीसे होतात, हे वैद्यकीय क्षेत्राला ठाऊक आहे. सिंगापूरमधील एका रुग्णाला याच कारणाने अमेरिकेच्या विमानतळावर काही तास अडवून ठेवले होते आणि २००९ साली ‘अॅनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात त्याच्या डॉक्टरांनी ते प्रकरण मांडले होते. आस्थापना शाखेला मात्र हे पटेना. मी टेबलावर हजर असताना गैरहजेरी लागली आणि वेतनातून कपात झाली. हाताची साल दाखवून मला माझी उपस्थिती सिद्ध करावी लागली, याचा मला औषधांपेक्षा जास्त त्रास झाला. डॉक्टरांचे पत्र आणि त्या प्रकरणाची माहिती जोडून मी लेखी अर्ज केला, तेव्हा कुठे हजेरीपटावर स्वाक्षरी करण्याची परवानगी मिळाली आणि कपात परत आली. मला निदान अर्ज लिहिता येतो. हीच औषधे घेणाऱ्या आणि शिधावाटप दुकानात अंगठा लावून धान्य घेणाऱ्या बाईने काय करावे? ही गोळी सुरू करतानाच प्रत्येक रुग्णाच्या हाती ठशांविषयीचे छापील पत्र द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना समजावून देणे जड गेले. या उपचारात केस विरळ होतात, पण बहुतेकांचे पूर्ण जात नाहीत. केमो म्हटले की डोक्यावर रुमाल बांधलेली बाई लोकांच्या नजरेसमोर येते. माझी वेणी शाबूत पाहून “तुम्ही तर अगदी ठणठणीत दिसता” असे अनेकांनी कौतुकाने म्हटले, आणि काहींनी थोड्या संशयानेही. साडीच्या निऱ्या बोटांना जाणवत नाहीत म्हणून मी ड्रेस घालू लागले होते, ब्लाउजचे हूक आणि मंगळसूत्राची फासकी लावायला मला दुसऱ्या माणसाची मदत लागत होती; पण या गोष्टी बाहेरच्या माणसाला दिसण्यासारख्या नव्हत्या.

आठवी सायकल संपली तेव्हा घरात पुरणपोळी झाली. ऑक्सॅलिप्लाटिनमुळे होणारी मज्जातंतूंची हानी औषध थांबल्यावरही काही महिने वाढत राहू शकते, आणि माझ्या बाबतीत तसेच झाले. हातांची कातडी हळूहळू पूर्ववत झाली, पण पावलांचा बधिरपणा वाढला. पायातून चप्पल निसटली तरी ते कळत नसे. सगळ्यांना वाटत होते की आता सर्व पूर्वीसारखे झाले आहे, आणि बरे होण्याच्या या टप्प्यावर मदत मागणे मला सर्वांत कठीण गेले.

२०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सहा चाचण्यांतील बारा हजारांहून अधिक रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. तिसऱ्या टप्प्यातील कमी जोखमीच्या रुग्णांमध्ये केपॉक्स सहा महिन्यांऐवजी तीन महिने दिले तरी रोग आटोक्यात राहण्याच्या दृष्टीने ते तितकेच उपयुक्त असल्याचे तिच्यात आढळले, आणि बधिरपणाचे प्रमाण बरेच कमी होते. माझा आजार जास्त जोखमीच्या गटात असल्याने मला सहा महिनेच सांगितले गेले आणि तो निर्णय मला मान्य आहे. मात्र ज्यांचा उपचार आता सुरू होत आहे त्यांनी आपण कोणत्या गटात आहोत हे डॉक्टरांना अवश्य विचारावे, आणि बोटांचा बधिरपणा दोन सायकलींच्या मधल्या दिवसांतही जात नसेल तर ते लपवून न ठेवता पुढच्या सायकलआधी सांगावे, म्हणजे मात्रा कमी करता येते.

सध्या मी पूर्ण वेळ कामावर जाते, घरात आणि बाहेर पायाला पट्टा असलेली पादत्राणे वापरते, आणि रोग परतल्याची चाहूल लागावी म्हणून दर तीन महिन्यांनी रक्ताची सीईए तपासणी करून घेते. पोळ्या अजूनही यजमानच करतात.