आरसा तोच, चाल वेगळी

२०१८ साली आलेल्या 'आय फील प्रिटी' या विनोदी चित्रपटातली रेने न्यूयॉर्कमधल्या एका प्रसाधन कंपनीच्या वेबसाइटचे काम तळघरातल्या कोंदट कार्यालयात बसून करते आणि स्वतःच्या रूपाला विटलेली असते. व्यायामाच्या सायकलवरून पडून तिच्या डोक्याला मार बसतो आणि शुद्धीवर आल्यावर आरशात तिला कमालीची सुंदर स्त्री दिसू लागते. ती सुंदरी आपल्याला मात्र एकदाही दाखवलेली नाही. ॲबी कोन आणि मार्क सिल्व्हरस्टीन या दिग्दर्शकद्वयाचा हा निर्णय मला चित्रपटाचा प्राण वाटतो, कारण पडद्यावर रेनेची भूमिका करणारी तीच एमी शूमर, तेच दंड आणि तेच पोट दिसत असताना तिची चाल, बोलणे, समोरच्याच्या डोळ्याला डोळा देण्याची पद्धत मात्र बदललेली असते.

बाईला आत्मविश्वास यायला डोके आपटावे लागते काय, अशी टीका ट्रेलर आला तेव्हाच झाली होती. ती चुकीची नाही. पण कोनी आयलंडवरच्या बारमधला बिकिनी स्पर्धेचा प्रसंग पाहिल्यावर मला तिचे फारसे काही वाटेनासे झाले. सडपातळ मुलींच्या रांगेत रेने बेधडक उभी राहते, मनापासून नाचते, स्पर्धा हरते आणि तरीही खुशीत खाली उतरते. जिंकली असती, तर हा प्रसंग परीकथा ठरला असता.

हा चित्रपट मी माझ्या भाचीबरोबर फोंड्याच्या घरी पाहिला. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फुगडीच्या फेरात ती आली नव्हती. आदल्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली, सगळ्यांदेखत, "किती गो सुटलीस, आता स्थळे कशी यायची?" असे विचारले होते. तशा बोलण्याला आपल्याकडे आपुलकी समजतात, आणि मला त्याचा मनस्वी राग येतो. स्पर्धेच्या प्रसंगाशी भाचीने चित्रपट थांबवला आणि म्हणाली, "मावशी, हरल्यावर हिला रडू कसे येत नाही?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

मिशेल विल्यम्सने साकारलेली कंपनीची प्रमुख रूपाने, पैशाने संपन्न असूनही स्वतःच्या चिरक्या आवाजाने खचलेली असते. न्यूनगंड फक्त जाडीपुरता नसतो, हे त्या पात्रामुळे भाषणाविना कळते. मैत्रिणींना तुच्छ लेखू लागलेली रेनेही मला खरी वाटली. शेवट मात्र खटकला. स्वतःला आहे तसे स्वीकारा, हे आवाहन ती त्याच कंपनीच्या नव्या प्रसाधनांच्या अनावरण सोहळ्यात, विक्रीच्या व्यासपीठावरून करते. घरातल्या मुलींना हा चित्रपट अवश्य दाखवावा, आणि त्या भाषणाच्या वेळी मागे झळकणाऱ्या मालाबद्दलही त्यांच्याशी बोलावे.