काळ्या मातीचा करडा फोटो

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला आमची जमीन काळी आहे हे पटत नाही. यवतमाळकडच्या एखाद्या वावरात नांगरटीची ढेकळे उलथून पडलेली असताना धुऱ्यावर उभे राहून कृष्णधवल फोटो काढला, तर पडद्यावर येणारी माती चक्क करडी असते. तोच कॅमेरा घेऊन दिवाळीनंतर घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगासमोर उभे राहावे, तर तो ढीगही जवळपास तसाच करडा निघतो. ज्या दोन गोष्टींच्या रंगावर या मुलखाची ओळख उभी आहे, त्या दोन्ही हा कॅमेरा एकाच भावाने तोलतो.

यात कॅमेऱ्याचा दोष म्हणावा असे काही नाही. त्यातला प्रकाशमापक वस्तूवरून परतून आलेला उजेड तेवढा मोजतो. ती वस्तू मुळात काळी असून उन्हात पडली आहे, की पांढरी असून सावलीत आहे, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नसतो. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडेच असणार, असे तो धरून चालतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत हा करडा म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा, असे सांगितलेले असते. रंगीत फोटोत ही गफलत खपून जाते, कारण पऱ्हाटीचा हिरवा आणि आभाळाचा निळा डोळ्याला सावरून घेतात. कृष्णधवल फोटोत सावरून घेणारे कोणी नसते; तेथे काळे काळे दिसले नाही तर फोटोच फिका पडतो.

उपाय कॅमेऱ्याच्या पाठीवरच असतो. अधिक-उणे चिन्हाचे जे बटण बहुतेक जण जन्मभर दाबत नाहीत, ते कृष्णधवल फोटो काढणाऱ्याचे खरे अवजार आहे. मातीसाठी उणे एक, कापसासाठी अधिक एक. यातली प्रत्येक पायरी म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. मुळातच पांढरे असलेल्याला आणखी उजेड द्यायचा आणि मुळातच काळे असलेल्याचा उजेड आणखी कापायचा, हे नवख्याला उफराटे वाटते. पण यंत्राने स्वतःहून जे करडे करून ठेवले असते, त्याला पुन्हा जागेवर आणण्याचा तोच रस्ता आहे. अडचण येते ती वेचणीच्या वेळी, कारण तेव्हा दोन्ही एकाच चौकटीत असतात. भेगाळू लागलेली काळी जमीन, उललेली बोंडे, आणि वेचणाऱ्या बायांच्या कमरेला बांधलेल्या, फुगत चाललेल्या ओट्या. अशा वेळी मी नेहमी कापसाची बाजू घेतो. या छोट्या कॅमेऱ्यांतून निघणाऱ्या जेपेग फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण २५६ च पायऱ्या असतात, आणि वरच्या टोकाला पांढरे एकदा फुटले की त्यातला धागा, सुरकुती, सरकीचा उंचवटा यांपैकी काहीच नंतर परत मिळवता येत नाही. काळ्यात थोडे हरवले तरी चालते. जमिनीचे सगळे कोणाला दिसते?

गंमत अशी, की ज्या चकतीवर हा फोटो उमटतो ती स्वतः रंगांध असते. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा असतो, आणि त्यावरचे लाखो ठिपके केवळ उजेड कमी की जास्त एवढेच ओळखतात. त्यांच्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या चौकोनांची सूक्ष्म जाळी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या या जाळीत निम्मे चौकोन हिरवे आणि उरलेले पाव-पाव तांबडे व निळे असतात, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडातले बारकावे अधिक कळतात. त्याच कंपनीत त्याच वर्षी स्टीव्हन सॅसन यांनी जुळवलेला पहिला डिजिटल कॅमेरा मात्र जाळीविना होता. त्याचा फोटो शंभर गुणिले शंभर, म्हणजे १० हजार ठिपक्यांचा, कृष्णधवल, आणि तो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आज कृष्णधवल मोड लावला की कॅमेरा आधी जाळीतून रंग गोळा करतो, शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधून पूर्ण रंगीत चित्र तयार करतो, आणि एवढा खटाटोप झाल्यावर ते रंग पुन्हा एकजीव करून टाकतो. सरळ घरी जायचे सोडून गावाला वळसा घालून जाण्याचाच हा प्रकार आहे, पण त्या वळशात काही गोष्टी आपल्या हाती लागतात.

रंगांचे करडे करताना साधारण रूढ हिशेब असा असतो, की हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन, तांबड्याला ३० आणि निळ्याला अवघे ११. या हिशेबाचा झटका भिवापूरकडे मिरचीच्या वावरात बसतो. झाडावर पिकलेली लालभडक मिरची आणि तिच्यामागचे गर्द हिरवे पान डोळ्याला एकमेकांचे वैरी वाटतात. कृष्णधवल फोटोत मात्र दोघे इतक्या सारख्या करड्या रंगात येतात, की मिरची शोधावी लागते. काही कॅमेऱ्यांत कृष्णधवल मोडच्या पोटात पिवळा, तांबडा, हिरवा असे फिल्टर निवडता येतात. पूर्वी लेन्सवर जी रंगीत काच लावत, तिचेच काम हे हिशेबातली वजने बदलून करतात. तांबडा निवडला की मिरची उजळून पानांतून बाहेर येते, आभाळ गडद होते आणि ढग फुलून दिसतात; मात्र निळ्या आभाळात तांबड्याचा अंश मुळातच थोडा असल्याने तो ताणून घेताना त्या गडद आभाळात बारीक कण उमटतात. पळसाचे याच्या उलट. फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर जो केशरी रंग चढतो तो कृष्णधवल फोटोत पार निघून जातो, पण पाकळीच्या बुडाशी असलेला काळपट मखमली पेला, जो रंगाच्या गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही, तो पहिल्यांदा नीट दिसतो. तरीही पळस मी रंगीतच काढतो. पोळ्याचेही तसेच: बैलांच्या शिंगांचे बेगड, झुली, गळ्यातल्या माळा यांचे रंग ज्याने महिनाभर आधीपासून जुळवले, त्याच्यासमोर करडा फोटो धरण्यात काय हशील?

कृष्णधवलाचा लहान कॅमेऱ्याशी खरा सोयरसंबंध जुळतो तो दुसऱ्याच कारणाने. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. तिच्या तुलनेत हा सेन्सर क्षेत्रफळाने जेमतेम तिसावा हिस्सा भरतो. इतक्या लहान सेन्सरपुढची लेन्सही तितकीच आखूड नाभीय अंतराची असते, आणि त्यामुळे पुढच्या बंडीच्या चाकापासून मागच्या शाळेच्या भिंतीपर्यंत सगळेच स्पष्ट येते. मोठ्या कॅमेऱ्याने मागचे धूसर करून टाकता येते, येथे ते जमत नाही. आता आमच्या गावांत माणसाच्या मागे काय असते? गोठ्यावर ओढलेली निळी ताडपत्री, खताची पिवळी पोती, निवडणूक होऊन गेली तरी न उतरलेले फलक, गुलाबी रंगाची प्लॅस्टिकची घागर. रंगीत फोटोत पाहणाऱ्याचा डोळा आधी ताडपत्रीवर जातो आणि मग, वेळ उरला तर, माणसावर. कृष्णधवल मोड लावताच ताडपत्री आपल्या जागी गुमान बसते. हा फायदा कलेचा कमी आणि सोयीचा जास्त आहे हे मला मान्य आहे, पण तो रोज उपयोगी पडतो.

रंगीत काढून ठेवा आणि घरी संगणकावर कृष्णधवल करा, असा सल्ला जाणते लोक देतात. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, कारण साध्या कॅमेऱ्यात कृष्णधवल काढलेल्या फोटोतला रंग कायमचा जातो. तरीही मी कॅमेऱ्यातच रंग बंद करून निघतो. पडद्यावर समोरचे गाव करडे दिसू लागले की पाय आपोआप सावल्यांकडे वळतात, आणि तो बदल घरी खुर्चीत बसून करता येत नाही.

सावल्यांचे मात्र आमच्याकडे वेळापत्रक आहे. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्याच्या आगेमागे सकाळी नऊनंतर फोटो काढण्यात अर्थ नसतो; घराच्या भिंती सपाट होतात, माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो, आणि उन्हात कॅमेऱ्याचा पडदा तर दिसतच नाही. डिसेंबरच्या शेवटी हाच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम शेहेचाळीस अंश वर चढतो आणि माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. म्हणजे वेचणीच्या हंगामात दिवसभर ऊन तिरपे असते आणि प्रत्येक बोंडाला स्वतःची सावली असते. हेमाडपंती देवळांच्या काळ्या दगडावरची झिजलेली नक्षीही याच दिवसांत वाचता येते. मे महिन्यात ती दगडात परत शिरते.

घराच्या आत उजेडाची वानवा बाराही महिने असते. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, करायचे असतात तेव्हा अंगणात गोवऱ्यांचा जगरा पेटवतात आणि अंधार पडता पडता निखाऱ्यांत रोडगे भाजले जातात. अशा वेळी कॅमेऱ्याची आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० वर नेली, की रंगीत फोटोत हातांवर आणि चेहऱ्यांवर जांभळे-हिरवे डाग पडतात. कृष्णधवल फोटोत ते डाग रंगासह निघून जातात आणि मागे उरलेले कण जुन्या फिल्मच्या दाण्यांसारखे खपतात. एकदा मी रोडगा बाहेर काढताना अगदी जवळून फोटो घेतला होता. वर राखेचा पातळ, पांढरा पापुद्रा, एका बाजूला करपून काळी झालेली भेग, आणि ती राख फडक्याने झटकणारी बोटे, त्यांच्या पेरांतही राख. रंगीत असता तर निखाऱ्याच्या लालीने सगळे खाऊन टाकले असते.

माणसांचे फोटो हा भाग अवघड आहे. विदर्भातला शेतकरी म्हटले की सुरकुतलेला चेहरा, आभाळाकडे लागलेले डोळे आणि कृष्णधवल रंग, असा एक साचा ठरून गेला आहे. या साच्यातली खोल सुरकुती बऱ्याचदा चेहऱ्यावर असते त्याहून जास्त फिल्टरमध्ये असते. तांबडा फिल्टर त्वचा उजळ आणि गुळगुळीत करतो, तर हिरवा तीच त्वचा गडद करून प्रत्येक रेघ वर आणतो. तोच माणूस, तेच ऊन, पण एका फोटोत तो तालेवार दिसतो आणि दुसऱ्यात कर्जबाजारी. दुःख खरे आहे, म्हणूनच ते बटण दाबून गडद करणे मला पटत नाही.

येथून जवळच, वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्राम आश्रमात, कनू गांधी यांनी महात्मा गांधींचे असंख्य कृष्णधवल फोटो काढले. गांधीजींनी त्यांना घातलेल्या तीन अटी प्रसिद्ध आहेत: फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी अमुक पद्धतीने बसा असे सांगायचे नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. कॅमेऱ्यासाठी मग घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले. यातली पहिली अट मी मनापासून पाळतो, कारण छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चेहऱ्याचे पापड करून टाकतो. तिसरी न मागता पाळली जाते. दुसरीवर माझा इलाज चालत नाही. कॅमेरा दिसताच लोक टोपी नीट करतात, सदऱ्याची वरची गुंडी लावतात आणि हात सरळ सोडून उभे राहतात, आणि त्यांनी तसे उभे राहू नये असे सांगणे हीसुद्धा एक सूचनाच झाली.

त्यातून कृष्णधवलाविषयी गावात एक रास्त तक्रार आहे. शेजारच्या एका आजींनी पडद्यावर स्वतःला पाहून आधी विचारले, "काऊन बाप्पा, रंग सरला काय तुह्या कॅमेऱ्यातला?" आणि तो मुद्दाम काढून टाकला आहे हे कळल्यावर त्या उखडल्याच. "हाराचा फोटो कायले काढून रायला माहा? मी जित्ती हावो अजून!" त्यांच्या घरात भिंतीवर त्यांच्या सासूबाईंचा जो फोटो आहे तो कृष्णधवल आहे, त्याला हार आहे, आणि तांबड्या उजेडाला दाद न देणाऱ्या जुन्या फिल्मवर काढलेला असावा, कारण कपाळावरचे रुपयाएवढे कुंकू त्यात अगदी काळे आले आहे. काळे कुंकू लावून भिंतीवर जाण्याची घाई कोणाला असणार? तेव्हापासून कोणाचाही फोटो घेताना मी एक रंगीतही घेतो आणि त्यांना द्यायचा तो तोच.

छापायला तालुक्याला जावे लागते, आणि तेथे करड्याची वेगळीच कथा सुरू होते. फोटो-स्टुडिओतले यंत्र रंगीत कागदावर तीन रंगांच्या थरांतून करडा जुळवते, आणि त्या थरांचे प्रमाण किंचित जरी हलले तरी माती कधी हिरवट तर कधी जांभळट होऊन येते. हिरवट झालेली काळी माती परत करावी, तर दुकानदार ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहतो, थोडा रंग कमी-जास्त करून पुन्हा काढून देतो, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच आपुलकीने बजावतो की, "भाऊ, काळापांढरा केला म्हणून पैसे कमी लागत नाहीत बरं का, भाव रंगीतचाच हाय."