अकाउंटंट निवडताना: सही कोणाची, त्याआधी नोंद कोणाची ते बघा

जळगावच्या दाणा बाजारात दुकान टाका, नाहीतर धुळ्याच्या एमआयडीसीत छोटं युनिट उभं करा, पहिला सल्ला ठरलेला: ‘चांगला सीए धरा.’ सल्ला खरा आहे, पण अर्धाच. सीए वर्षातून एकदोनदा ताळेबंद बघतो आणि सही करतो. रोजचं बिल कोणत्या खात्यात पडलं, त्यावर कोणता कर लागला, रोखीचा व्यवहार कोणाच्या नावावर टाकला, हे सगळं टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) बसलेल्या माणसाच्या हातात असतं. नोटीस येते ती बहुतेक वेळा त्याच्या नोंदीवरून. म्हणून निवड दोघांची करायची आणि जास्त वेळ या दुसऱ्यासाठी काढायचा.

आधी कोण काय करू शकतो ते पाहू. मुनीम किंवा टॅली ऑपरेटर नोंदी टाकतो. कर सल्लागार जीएसटीची आणि आयकराची विवरणपत्रं भरतो. लहान दुकानाला तेवढं पुरतंही. पण उलाढाल 1 कोटीच्या वर गेली की साधारणपणे आयकराचं ऑडिट लागतं आणि ते फक्त प्रॅक्टिसचा दाखला असलेला सीएच करू शकतो. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा 10 कोटी आहे. सीएने दिलेल्या प्रत्येक ऑडिट अहवालावर आणि दाखल्यावर 18 अक्षर-अंकांचा यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो आणि तो सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या यूडीआयएन पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, बँकेत कागद देण्याआधी करून घ्या. सही एकाची आणि काम भलत्याचंच, हा प्रकार त्यामुळे लगेच उघडा पडतो.

आता मुख्य गोष्ट. भेटायला जाल तेव्हा ‘सगळं करून देता का?’ असं विचारू नका. ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही. आपल्या धंद्यातला अडचणीचा प्रश्न विचारा.

कापसाचं उदाहरण घ्या. जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणारा) शेतकऱ्याकडून थेट कापूस घेतो तेव्हा त्यावरचा 5 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जिनिंगवाल्यालाच भरायचा असतो. तो क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळवता येत नाही, रोख भरावा लागतो. भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. शिवाय स्वतःच स्वतःच्या नावे बिल काढावं लागतं आणि नोव्हेंबर 2024 पासून त्यासाठी 30 दिवसांची मुदत आहे. पण आपल्याकडे सगळा माल शेतकऱ्याचा नसतो. खेडा खरेदी करणारा व्यापारी गावातून माल गोळा करून आणतो. तो शेतकरी नाही, त्यामुळे त्याच्या मालाला शेतकऱ्याचा रिव्हर्स चार्ज लागू होत नाही. तो नोंदणीकृत असेल तर त्याने स्वतः कर लावून बिल द्यायला हवं. आयकरातही हाच फरक आहे. एका दिवसात एका माणसाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च वजा मिळत नाही. शेतमाल पिकवणाऱ्याला त्याच्या मालापोटी रोख दिले तर सूट आहे, पण मधल्या व्यापाऱ्याला दिले तर सूट नाही.

बरेच ऑपरेटर ‘कापूस खरेदी’ असं एकच खातं उघडतात आणि शेतकरी-व्यापारी सगळे त्यात टाकतात. हंगामात रोज पन्नास-साठ गाड्या काट्यावर येतात, घाई असते, तेव्हा ते सोपं वाटतं. हंगाम संपल्यावर मात्र कोणता माल कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. कर चुकलेला असतो, त्यावर वर्षाला 18 टक्के व्याज चढतं आणि रोखीचा खर्चही नामंजूर होऊ शकतो. म्हणून विचारा: ‘शेतकरी आणि खेडा खरेदी यांची खाती तुम्ही वेगळी कशी ठेवता? वजनकाट्याच्या पावतीवर काय काय लिहून घेता?’ नाव, गाव, सातबाऱ्याची प्रत, सही किंवा अंगठा, असं उत्तर न अडखळता आलं, तर या माणसाने जिनिंगचं काम खरंच केलेलं आहे.

धंदा दुसरा असेल तर प्रश्नही दुसरा. रावेर-सावद्याकडे फक्त ताज्या केळीचा व्यापार करणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागतच नाही, कारण ताजी फळं करमुक्त आहेत आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. तरीही ‘असू द्या, काढून ठेवू’ म्हणून नोंदणी करून देणारे भेटतात. मग दर महिन्याला शून्याचं विवरणपत्र भरायचं आणि राहिलं की प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क. अडत्याने विचारावं: ‘माझं कमिशन 6-8 टक्के नफ्याच्या अंदाजी योजनेत बसेल का?’ बरोबर उत्तर ‘नाही’ असं आहे. उलाढालीच्या 6-8 टक्के नफा धरून आयकर भरायच्या त्या योजनेतून कमिशन आणि दलालीचा धंदा वगळलेला आहे. डाळमिलवाल्याने सुट्ट्या डाळीचा आणि 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटाचा कर विचारावा. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर 5 टक्के.

खान्देशची हद्द मध्य प्रदेश आणि गुजरातला लागून आहे, हेही विसरू नका. बऱ्हाणपूर रावेरपासून जवळ असलं तरी तिथं पाठवलेला माल परराज्यात जातो आणि त्यावर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी) लागतो. सवयीने सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) लावलं तर योग्य कर पुन्हा भरून आधीचा परत मागत बसावं लागतं. ई-वे बिलाचंही (गाडीतल्या मालाच्या ऑनलाइन दाखल्याचंही) तसंच: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर, राज्याबाहेर 50,000 च्या वर. सेंधव्याच्या रस्त्यावर गाडी अडली की हा फरक मालकाला कळतो; तो आधी अकाउंटंटला माहीत असायला हवा.

माणूस कामाचा आहे का हे तारखांवरूनही कळतं. उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर जीएसटीची विवरणपत्रं तिमाही भरता येतात. सोय चांगली आहे, पण तुमचा ग्राहक कंपनी किंवा मोठा व्यापारी असेल तर त्याला क्रेडिट महिन्याच्या महिन्याला हवं असतं. त्यासाठी पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (जीएसटी पोर्टलवर बिलं नोंदवायच्या सोयीत) चढवावी लागतात. ती चढवली नाहीत तर ग्राहकाच्या 2बीमध्ये (पोर्टलवर तयार होणाऱ्या त्याच्या खरेदी-क्रेडिटच्या यादीत) बिल दिसत नाही आणि तो कराची रक्कम रोखून धरतो. पाइप, चटई, सुटे भाग पुरवणाऱ्यांची कितीतरी उधारी केवळ यामुळे अडकते आणि वसुलीला गेलेल्या पोराला कारणही कळत नाही. तुमच्या खरेदीचंही तेच. महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याला 2बी दर महिन्याच्या 14 तारखेला येतं. अकाउंटंटने ते खरेदी खात्याशी जुळवून कोणत्या पुरवठादाराचं बिल आलं नाही याची यादी 20 तारखेच्या आत हातात द्यायला हवी. ही यादी देतो का, आणि तिचा नमुना दाखवतो का, हे विचाराच. माझ्या मते एवढ्या एका कागदावरून माणूस पारखता येतो.

बँकेची सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) असेल तर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट कोण बनवणार तेही आधी ठरवा. मर्यादा टिकावी म्हणून बँकेला साठा फुगवून दाखवायचा आणि ताळेबंदात कमी, असं जो आपणहून सुचवतो त्याला तिथूनच नमस्कार करावा. दोन्ही कागदांवर सही तुमची असते.

किल्ल्या मात्र स्वतःकडेच ठेवा. जीएसटी आणि आयकर पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल मालकाचा हवा. नोंदणी करताना सल्लागार सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतो, मग नोटीस त्याच्याकडे जाते आणि त्याने फोन उचलला नाही तर मालकाला पत्ताच नसतो. आजच लॉगिन करून प्रोफाइल बघा. नंबर दुसऱ्याचा असेल तर जीएसटी पोर्टलवर तो ‘नॉन-कोअर’ (किरकोळ तपशिलांच्या) दुरुस्तीतून बदलता येतो. पासवर्डही हातात नसेल तर कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावं लागतं. डिजिटल सहीचा टोकन दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. टॅलीचा बॅकअप दर महिन्याला स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का, हेही बघा. टॅली व्हॉल्टचा (डेटाला लावलेल्या कुलपाचा) पासवर्ड माहीत नसेल तर त्या बॅकअपचा काही उपयोग नाही.

फी ठरवताना महिन्याला किती बिलं, किती बँक खाती, किती कामगार हे सांगून आकडा घ्या. नोंदी, जीएसटी, आयकर, ऑडिट असा वेगवेगळा. कागद तुम्ही 5 तारखेला द्याल आणि त्यानंतर उशीर झाला तर दंड त्यांचा, हे लिहून घ्या. रिफंडमध्ये टक्केवारी मागणारा सीए असेल तर सावध व्हा; निकालावर अवलंबून फी घ्यायला सीएच्या आचारसंहितेत, मोजके अपवाद सोडले तर, मनाई आहे.

आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये करा. सप्टेंबरात ऑडिटची धावपळ असते, तेव्हा नवीन माणूस तुमची मागची खाती उघडूनही बघणार नाही. जुना बदलत असाल तर आधी त्याची राहिलेली ऑडिट फी चुकती करा, कारण ती बाकी असताना नव्या सीएला ऑडिटचं काम घेता येत नाही, आणि घेण्याआधी त्याला जुन्या सीएला पत्रही लिहावं लागतं. जाताना जुन्याकडून टॅलीचा डेटा, भरलेल्या सगळ्या विवरणपत्रांच्या पीडीएफ, चलनं, आलेल्या नोटिसा आणि त्यांची उत्तरं घ्या. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवायचे असतात, तेव्हा फक्त चालू वर्षाचं मागून भागणार नाही.