कितवीचं नवनीत?

अप्पा बळवंत चौकातल्या पहिल्याच दुकानात मी विचारलं, "नवनीत आहे का?" काउंटरवरच्या मुलानं मान वर न करताच विचारलं, "कितवीचं? सेमी की मराठी?"

चूक माझीच. जूनचा दुसरा आठवडा, दुकानापुढे आईबापांची झुंबड, ज्याच्या त्याच्या हातात पुस्तकांची यादी. अशात गाईडशिवाय दुसरं कुठलं नवनीत त्याला सुचणार? मला हवं होतं परशुराम बल्लाळ गोडबोल्यांचं, १८५४ साली पहिल्यांदा निघालेलं. मराठी कवितांचे वेचे. मुकुंदराज, ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, रामदास, वामनपंडित, पार मोरोपंतांपर्यंत सगळे एका बांधणीत.

आमच्या सांगलीच्या घरी आजीची प्रत होती. २०१९च्या पुरात खालचं कपाट बुडालं आणि पाणी उतरल्यावर हाती लगदा आला. तशी काळजी नव्हती, आजीला निम्मंअधिक पाठ. पण हल्ली वामनपंडितांच्या एका श्लोकाचा तिसरा चरण तिला सापडेना. दुसरा म्हणायची, थांबायची, मांडीवर बोटांनी मात्रा मोजायची आणि चौथ्यावर उडी मारायची. शेवटी मला म्हणाली, "पुण्याला जा बघू. तिथं सगळं मिळतं."

पहाटेच्या एसटीनं स्वारगेट, तिथून भुयारी मेट्रोनं मंडई. तुळशीबागेतून वाट काढत लक्ष्मी रस्ता ओलांडला, जोगेश्वरीला हात जोडले आणि चौकात पोचले.

तिसऱ्या दुकानापर्यंत प्रश्न सुधारला होता: "जुनं नवनीत, कवितांचं." एका काकांनी सकलसंतगाथा पुढे केली. "यात सगळे संत आहेत की!" आहेतच, पण पंडित कवी तिथं कुठून येणार? मला गोडबोल्यांचा संग्रह आवडतो तो याचसाठी. त्यात ओवीच्या शेजारी श्लोक बसतो, अभंगाच्या शेजारी आर्या, आणि कुणी कुणाला सोवळं-ओवळं करत नाही. वृत्तदर्पण हे वृत्तांवरचं पुस्तक लिहिणारा माणूस तो. कविता त्याला आधी कानानं कळत असणार. आजीचंही तसंच. अर्थ विचारा, चिडते. चाल विचारा, लगेच म्हणून दाखवते.

दुपारी एक ते चार दुकानं बंद. यावरचे विनोद करून झालेत, मी भर घालत नाही. मिसळ खाल्ली, बरी होती.

चारनंतर कुणीतरी एका बोळातलं जुन्या पुस्तकांचं दुकान सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मालक स्टुलावर. मी घाईघाईनं खुलासा केला, "गाईड नको, जुनं, गोडबोल्यांचं." ते हसले. "तेही शाळेतच लागायचं की, ताई. कितवीचं हे तुम्हाला विचारलं तर काय चुकलं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. पोटमाळ्यावर चढून त्यांनी दोरीनं बांधलेला गठ्ठा खाली सोडला. त्यात ते होतं. पुठ्ठा गेलेला, शिलाई उसवलेली, कसरीनं कोपऱ्यात नक्षी केलेली.

"चारशे."

"पुठ्ठासुद्धा नाही हो याला."

"पुठ्ठा वाचणार आहात का?"

चारशे दिले.

शनिवारवाड्यासमोर कट्ट्यावर बसून उघडलं. कुणा विद्यार्थ्यानं पेन्सिलीनं पानोपानी कामगिरी केली होती. अवघड शब्दांचे अर्थ, तुकारामांच्या एका अभंगाशेजारी "पाठ करणे", आणि ज्ञानेश्वरांच्या ओव्यांवर आडवी रेघ मारून "गाळले". ज्ञानेश्वरी अभ्यासक्रमातून वगळल्याचा त्याला झालेला आनंद त्या रेघेत चांगलाच उमटला होता.

श्लोक सापडला. आजीला फोन लावला आणि सावकाश वाचला, तिसऱ्या चरणावर जरा जोर देऊन. पलीकडे शांतता. मग मांडीवर बोटं वाजल्यासारखा आवाज.

"असं नाहीये ते," आजी म्हणाली.

"अगं, छापलंय इथं."

"छापणाऱ्याचं चुकलं असेल. माझ्या पुस्तकात वेगळं होतं." थोडं थांबून, "आता आहेसच तिथं, तर दुसरी आवृत्ती मिळते का बघ."

सव्वासहा वाजले होते. मी पुन्हा बोळाकडे निघाले.